सात पायांचा हत्ती

आमच्या वॉर्डात मोठ्यानं बोलायला बंदी होती आणि हत्तीबाईंना हळू बोललेलं ऐकू येत नसे. क्षयाचा दवाखाना तो. फुफ्फुसांना विश्रांती हवी म्हणून आम्ही बायका सगळं कुजबुजत बोलायचो. आणि या बाई डावा कान पुढं करून म्हणायच्या, "काय? मोठ्यानं सांग बाई, औषधाच्या सुयांनी माझा उजवा कान गेलाय." मग जी गोष्ट तोंडातल्या तोंडात कशीबशी निघाली होती, तीच दुसऱ्यांदा, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी म्हणावी लागे. पहिल्या वेळी रडू यायचं. दुसऱ्या वेळी, खोटं कशाला सांगू, राग यायचा. मोठ्या सिस्टर आमच्यावर डोळे वटारायच्या. बाईंवर नाही, कारण बाई पडल्या बहिऱ्या.

पिंपरीत औषधाचा नवा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांतली ही गोष्ट. चिंचवड स्टेशनातून बैलगाडीनं निघालं की देहूरोडच्या बाजूला माळावर आमचा दवाखाना लागे. चहूकडं कुसळं, मधे कौलारू लांबलचक वॉर्ड, आणि अधूनमधून लष्कराच्या हद्दीतून धडाडधूम आवाज. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. नाव सगुणा, सासर निघोजे. आमचे हे त्याच कारखान्याच्या बांधकामावर गवंड्यांच्या हाताखाली जात होते. म्हणजे नवरा औषधाच्या भिंती बांधतोय आणि बायको औषधावर पडलीय! घरी दीड वर्षाची छबी ठेवून मी आले होते. आले तेव्हा वाटलं होतं, महिनाभरात परत जाईन.

हत्तीबाई आमच्यातल्याच, जुन्या पेशंट. कधीकाळी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. मग हे दुखणं लागलं, ऑपरेशनात एका बाजूच्या बरगड्या काढल्या, त्यामुळं उजवा खांदा कायमचा उतरलेला. बऱ्या झाल्या तोवर नवऱ्यानं दुसरं लग्न करून टाकलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या कपडेखोलीवर नेमलं. चादरी मोजायच्या, फाटलेल्या शिवायच्या, धोब्याशी भांडायचं. नवऱ्याबद्दल त्यांनी मला एकदाच सांगितलं. "माझी खाट रिकामी झाली म्हणून त्यानं दुसरी भरती केली. दवाखान्याचाच नियम लावला मेल्यानं." आणि इतक्या हसल्या की खोकला लागला.

दुपारची विश्रांतीची घंटा संपली की चार वाजता बाई मागच्या व्हरांड्यात बसायच्या. समोर फुटक्या कौलांचे तुकडे, एका डबीत गेरू, एका डबीत चुना, आणि काड्यांना चिंध्या बांधून केलेले ब्रश. ज्यांना खाटेवरून उठायची परवानगी होती त्या आम्ही सहा जणी भोवती गोल करून बसायचो. आधी काढायचं, मग बोलायचं. ताप, थुंकी, वजन यांतलं अक्षर काढायचं नाही. "ते सगळं तक्त्यावर लिहिलंय," बाई म्हणायच्या, "तक्त्यावर नाही ते सांगा." मला पहिल्या दिवशी वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. आम्ही शेणानं सारवणाऱ्या बायका, चित्रं कसली काढतोय!

आणखी एक वेड होतं त्यांचं. कुणाच्याही चित्राला 'छान' म्हणायचं नाही. कोकणातली वत्सला होती आमच्यात, गोड स्वभावाची, तिला ते काही जमेना. जो तो तुकडा समोर आला की हिचं आपलं "छान हां!" एकदा बाई कडाडल्या, "छान म्हणजे काय ते कळतं का तुला? छान म्हणजे, बाई, आता गप्प बस. घरी पाहुण्यांना म्हणतात ते. इथं काय दिसतं तेवढं सांगायचं." वत्सला बिचारी भेदरली. पण पुढच्या वेळी माझा तुकडा हातात घेऊन तिनं नीट बघितलं आणि म्हणाली, "एक गोल दिसता. फार बारीक गोल."

तो गोल म्हणजे बांगडी होती. छबीची. मी कितीतरी दिवस तेवढीच काढत होते. बाईंनी विचारलं, "केवढ्या हाताची?" मी म्हटलं, "दीड वर्षाच्या." "मग आता मुलगी केवढी आहे?" मी बोटांवर हिशेब केला. मला येऊन चौदा महिने झाले होते. ती बांगडी आता तिच्या बोटांवरूनसुद्धा वर चढली नसती. मी पुटपुटले, "आता हात केवढा झालाय ते मला ठाऊक नाही." बाईंनी कान पुढं केला. "काय? मोठ्यानं सांग." मी ओरडले हो! खरंच ओरडले. पलीकडं खाटेवरच्या बायका उठून बसल्या. सिस्टर धावत आल्या. बाई त्यांना शांतपणे म्हणाल्या, "काही नाही सिस्टर, हिला माप हवंय."

गोदाक्का मराठवाड्यातली, आमच्यात वयानं थोरली. ती रोज नुसता चौकोन काढायची. कुणी म्हणे डबा, कुणी म्हणे पेटी, कुणी म्हणे चटई. असे दहा-बारा दिवस गेले. मग एके दिवशी कुणीतरी सहज म्हणालं, "याला दार नाही गं." गोदाक्कानं पदर तोंडाला लावला. तिचं घर होतं ते. भाऊ तिला सोडून गेला तेव्हा 'आठ दिसांत येतो' म्हणाला होता आणि त्यानंतर त्यानं पत्रालाही उत्तर दिलं नव्हतं. बाईंनी तिला गप्प केलं नाही. आम्ही बाकीच्या बसून राहिलो, एकीनं तिचा पाय धरला होता. बऱ्याच वेळानं गोदाक्काच डोळे पुसून म्हणाली, "आता भूक लागली की वो." त्या दिवशी ती पहिल्यांदा दोन भाकरी जेवली.

एव्हाना माझ्या थुंकीच्या तपासण्या तीनदा साफ आल्या होत्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, "तू बरी आहेस, घरी कळव." मी कळवलं. एक कार्ड, दुसरं कार्ड, तिसरं. उत्तर नाही. रविवारी हे फाटकापर्यंत यायचे, सिस्टरच्या हाती केळी द्यायचे आणि लांबूनच म्हणायचे, "आई न्हाई म्हंती. पोरगी ल्हान हाय, म्हंती." नवऱ्याला काय बोलणार? आईपुढं त्यांची कधी मान वर झाली नव्हती. माहेरी भाऊजयीचं राज्य. आणि दवाखान्यात खाटांसाठी लोक दारात बसलेले. डॉक्टरसाहेबांनी शेवटी सांगितलं, दसऱ्याच्या आत कुणी न्यायला आलं नाही, तर मला पुण्याच्या बायकांच्या आश्रमात पाठवावं लागेल. आश्रम! म्हणजे छबीला मी मेलेच. त्या रात्री मी जेवले नाही.

सकाळी कपडेखोलीत जाऊन बाईंपुढं बसले. त्या चादरीला ठिगळ लावत होत्या. ऐकून घेतलं, दोनदा, सवयीप्रमाणे. मग म्हणाल्या, "हस्त नक्षत्र कधी लागतंय गं?" मला वाटलं, झालं, बाईंना काहीच ऐकू आलं नाही. "अगं, हादगा," त्या म्हणाल्या. "पत्रात लिहिलं की भांडण होतं. गाण्यात म्हटलं की खेळ होतो. हादग्याच्या गाण्यात सासूला काय वाटेल ते म्हणावं, आजवर कोणत्या सासूनं रागावून दाखवलंय?"

हादगा म्हणताच आमच्यात जुंपली. पुण्याकडची एक म्हणे, याला भोंडला म्हणतात आणि हत्ती पाटावर काढतात. माझं माहेर साताऱ्याकडं, आमच्यात हत्ती भिंतीवर टांगतात. गोदाक्का म्हणे, आमच्याकडं असलं काही नसतंच, पण खायला काय असतं ते सांगा. बाईंनी मोडीत निघालेला जुन्या वॉर्डाचा एक दरवाजा ओढून आणला, चार विटांवर आडवा टाकला आणि म्हणाल्या, "हा पाट. उभा केला की भिंत. झालं समाधान?" चुन्यानं त्यांनी हत्तीची पाठ, पोट, सोंड काढली. तेवढ्यात सिस्टरनी हाक मारली, तशा उठता उठता म्हणाल्या, "पाय तुम्ही काढा."

आता बाईंच्या मनात, सहा जणींनी मिळून चार पाय काढावेत. आम्ही काय केलं? प्रत्येकीनं आपापला एक पाय काढला. मान वर करून दुसरीकडं बघितलं असेल तर शपथ! बाई परत आल्या आणि बघतात तर हत्तीला सहा पाय. एक जाडा, एक काडीसारखा, एकाला पैंजण. वत्सला घाईघाईनं म्हणाली, "दोन पुसून टाकू." कोणाचे पुसायचे? एकजण तयार होईना. बाई खाली बसल्या. "का गं? हत्तीला चार पाय असतात, एवढं तर शाळेत न जाता कळतं." सगळ्या आपापल्या पायाकडं बघू लागल्या. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "हा माझा घरी जायचा पाय आहे, बाई. मी नाही पुसणार." आणि मग एकेक जण कबूल झाली, सगळ्यांच्या मनात तेच. मोठ्यानं सांगा म्हणायची गरज त्या दिवशी बाईंना पडली नाही. त्यांनी ब्रश उचलला, सोंडेजवळ एक बुटका सातवा पाय काढला आणि म्हणाल्या, "मग माझाच काय म्हणून नको? आता नियम ऐका. जी घरी जाईल तिनं आपला पाय आपल्या हातानं पुसायचा आणि जायचं." तेव्हापासून त्या हत्तीबाई झाल्या. त्याआधी आम्ही त्यांना कपडेबाई म्हणायचो. रजिस्टरातलं नाव वेगळंच होतं, ते त्यांना आवडत नसे, म्हणून मीही सांगत नाही.

गाण्याला मात्र डॉक्टरसाहेबांनी साफ नकार दिला. दम लागतो, खोकला वाढतो, गायचं नाही. बाई म्हणाल्या, "गाणार नाहीत साहेब. नुसते शब्द जुळवतील." डॉक्टरसाहेबांनी संशयानं बघितलं, पण शब्द जुळवण्याविरुद्ध नियम नव्हता. हादग्याचे सोळाही दिवस आम्ही तेच केलं. एकीनं एक ओळ म्हणायची, दम सरला की दुसरीनं धरायची, सगळं पुटपुटत. ज्या गोष्टी कौलांवर काढून झाल्या होत्या त्याच ओळींत येऊ लागल्या. मी चार ओळी केल्या. वाईट म्हणजे त्या मला अजून पाठ आहेत:

आत्याबाई, आत्याबाई, दोरा घ्या गं,
छबीच्या मनगटाचं माप द्या गं.
जुनी बांगडी आता चढंना गं,
नवी कुणी भरायची, सांगा गं!

घरात आत्याबाईंपुढं माझी मान वर करायची छाती नव्हती, आणि इथं मी त्यांना 'गं' म्हणत होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. उंचपुऱ्या, नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की इंद्रायणीच्या अल्याडून हाक मारली तर पल्याडचा बैल थांबावा.

बाईंनी आमच्या सहाही घरी कार्डं धाडली. वर हत्ती काढलेला, सात पायांचा, आणि खाली एवढंच: शेवटच्या दिवशी हादग्याला यावे, खिरापत आहे. दुखण्याचा शब्द नाही, घरी न्या असं नाही. मी म्हटलं, "बाई, कोण येणार?" त्या म्हणाल्या, "औषधाला बोलावलं तर कुणी येत नाही. हादग्याला बोलावल्यावर बाईमाणूस नाही कसं म्हणेल?" आमच्या घरी वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून निघोज्यात ते कार्ड शाळेच्या गुरुजींनी पारावर बसून मोठ्यानं वाचलं. सात पायांचा हत्ती बघायला गाव गोळा झालं. एवढं झाल्यावर आत्याबाईंना घरात बसून राहणं अवघड झालं. गावाला काय तोंड दाखवणार?

शेवटच्या दिवशी चार घरच्या बायका आल्या. आमच्या घरची गाडी फाटकाबाहेर चिंचेखाली सोडली. मुलांना आत आणायला बंदी, त्यामुळं छबी ह्यांच्यापाशी गाडीतच. व्हरांड्याच्या कठड्यापाशी उभं राहिलं की मला दिसत होतं. लाल परकर, तेल चोपडलेलं डोकं, पाय खाली सोडून बसलेली. चौदा-पंधरा महिन्यांनी मी तिला बघत होते आणि ती बैलाकडं बघत होती. आत्याबाई तोंडाला पदर लावून व्हरांड्यात आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. बाई पुढं झाल्या. "या विहीणबाई!" आत्याबाईंनी भुवया उंचावल्या. "विहीण? कुनाची विहीण?" "तुमचीच. हे या पोरींचं माहेर, मी माहेरची थोरली. तर आता असं आहे, आमच्या पोरींना गायला बंदी. हत्ती त्यांनी काढला, गाणी त्यांनी केली, फेर धरून म्हणायची तेवढी तुम्ही."

सासवा, नणंदा, भावजया एकमेकींकडं बघू लागल्या. पण हत्ती मांडलेला, त्याला झेंडू वाहिलेला. फेर धरायला नाही म्हणणं कुठल्या बाईला जमतं? आम्ही सहा जणी दरवाजाभोवती बसलो, पाहुण्यांनी आमच्यामागून फेर धरला. बाई एक ओळ सांगायच्या, त्या म्हणायच्या. पहिली गाणी हसतखेळत गेली. मग माझं आलं. आत्याबाईंनी आपल्या त्या खणखणीत आवाजात उचललं, "आत्याबाई, आत्याबाई, दोरा घ्या गं." दुसऱ्या ओळीत छबीचं नाव आलं आणि त्यांचा पाय अडखळला. मागची बाई त्यांच्या अंगावर आदळली. पण फेर थांबवता येत नाही, हादग्यात ते अशुभ. त्यांनी चारही ओळी म्हटल्या. 'नवी कुणी भरायची' म्हणताना आवाज पार खाली गेला होता. मी दरवाज्यावरच्या माझ्या पायाकडं बघत होते, वर बघायची हिंमत नव्हती.

मग खिरापत. खिरापत मी केली होती, सिस्टरांच्या क्वार्टरमधल्या चुलीवर, डॉक्टरसाहेबांची परवानगी घेऊन. पाहुण्यांना हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच खरा तमाशा सुरू झाला. खिरापत ओळखल्याशिवाय डबा उघडत नाहीत. डबा वाजवायचा, कानाला लावायचा आणि नाव घ्यायचं. पत्र्याचा डबा हातोहात फिरू लागला. चुरमुरे. फुटाणे. खोबरं. खडीसाखर. डब्यात खडखड वाजतंय आणि एक बाई म्हणते शिरा! माझ्या ध्यानात आलं. त्या मुद्दाम चुकत होत्या. नाव सापडलं तर डबा उघडणार, डबा उघडला तर खावं लागणार. क्षयाच्या बाईच्या हातचं खायचं कुणी? दोनदा डबा फिरून आला. वत्सला रडकुंडीला आली.

बाई मात्र मांडी घालून बसल्या होत्या. "घाई नाही," त्या म्हणाल्या. "ओळखल्याशिवाय हादगा संपत नाही. अंधार पडायच्या आत तुम्हाला नदी उतरायचीय, तेवढंच." डबा तिसऱ्यांदा आत्याबाईंच्या हातात आला. त्यांनी तो हलवला. नाकापाशी नेला. आणि पदराआड, स्वतःशीच, ओठ हलले न हलले असं काहीतरी म्हणाल्या. मी त्यांच्या पायाशी बसले होते, मलाही ऐकू आलं नाही. बाई चांगल्या पाच-सहा हात दूर. तिथून त्यांनी कान पुढं केला. "काय म्हणालात विहीणबाई? मोठ्यानं सांगा."

"कुठं काय?"

"म्हणालात की. मला बहिरीला ऐकू नाही आलं, पण म्हणालात."

आत्याबाईंचा पारा चढला. "कापन्या हायेत म्हनलं! कापन्या! आन् बडीशेप जास्त झालीया म्हनलं! दहा डाव शिकवली, तरी हात सैलच हिचा!"

सगळा व्हरांडा हसला. कापण्या, गुळाच्या, एका अंगाला खसखस लावलेल्या, त्यांनीच मला लग्नानंतर पहिल्या आषाढात शिकवल्या होत्या. डबा उघडला. मी वाटायला उठले. बायकांनी घेतल्या, एक-दोघींनी तोंडात टाकल्या, बाकीच्या हातात धरून बसल्या. आत्याबाईंनी एक उचलली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि म्हणाल्या, "घरी जाऊन खाईन. उशीर झालाय." आणि निघाल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. झालं, मी म्हटलं, आता वाटेत कुत्र्याला टाकतील.

बाईंनी माझं मनगट धरलं आणि मला कठड्यापाशी नेलं. "बघ तरी," म्हणाल्या. मला बघायचं नव्हतं. गाडीपाशी आत्याबाई थांबल्या. गाठ सोडली. कापणी मोडली. अर्धी तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत उभ्या राहिल्या. ह्यांनी काहीतरी विचारलं, त्यांनी हातानंच गप्प केलं. मग उरलेली अर्धी छबीच्या हातात दिली. तिनं ती लगेच तोंडात कोंबली. मग आत्याबाईंनी पदराची एक दशी दातांनी तोडली, पोरीचा हात ओढून मनगटाभोवती गुंडाळली, आणि दशी ह्यांच्या हातात देऊन फाटकाकडं बोट केलं. सिस्टरनी ती माझ्याकडं आणून दिली. वीतभर हिरवा धागा, मधे एक गाठ. मी त्या गाठीपर्यंत बोट फिरवत व्हरांड्यातच खाली बसले आणि ढसाढसा रडले. बाई शेजारी बसल्या. या खेपेला त्यांनी मोठ्यानं सांग म्हटलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी परत आली. आत्याबाई उतरल्या नाहीत, गाडीतूनच ओरडल्या, "सगुने, चल! आन् ह्यापुढं बडीशेप मी घालनार!" मी ओल्या फडक्यानं माझा पाय पुसला. चुना लवकर निघत नव्हता, खरडावा लागला. बाईंनी मला उंबऱ्याबाहेर पोचवलं. "जा," म्हणाल्या. "आणि पोरगी ओळखणार नाही हो पहिले आठ दिवस. मनाला लावून घेऊ नकोस." खरंच नाही ओळखलं. नवव्या दिवशी ती माझ्या मांडीवर येऊन बसली, माझ्या हातातल्या बांगड्या मोजायला.

पुढं दर हादग्याला आम्ही दोघी सासू-सुना कापण्यांचा डबा घेऊन दवाखान्यात जायचो. गोदाक्काचा भाऊ दुसऱ्या वर्षी आला, मान खाली घालून. बाकीच्याही एकेक करून गेल्या. वत्सला मात्र गेली नाही. पुढच्याच पावसाळ्यात तिला रक्त पडलं आणि दोन दिवसांत ती संपली. तिचा पैंजणाचा पाय बाईंनी पुसू दिला नाही. आणि सोंडेजवळचा बुटका पाय तसाच. मी विचारलं की बाई म्हणायच्या, "सगळेच पुसले तर हत्ती पडेल ना!"

मग घरी राहून घ्यायची औषधं आली आणि बायकांचा वॉर्ड बंद करायचं ठरलं. आम्ही गेलो तेव्हा कपडेखोली रिकामी होत होती. बाई गाठोड्यावर बसल्या होत्या. कुठं जाणार विचारलं तर म्हणाल्या, "बघू." आत्याबाई माझ्यामागं उभ्या. त्या एकाएकी, तोंडातल्या तोंडात, म्हणाल्या, "आमच्या घरी चला की."

बाईंनी कान पुढं केला. पण या वेळी, मी शपथेवर सांगते, त्यांचा चेहरा नेहमीचा नव्हता. डोळे भरले होते. "काय? मोठ्यानं सांगा."

"विहीणबाई, आमच्या घरी चला!" आत्याबाई गरजल्या. बंद वॉर्डात तो आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "आमच्या! घरी! आता तिसऱ्यांदा सांगनार न्हाई, बैल खोळंबलेत!"

बाई उठल्या, फडकं भिजवलं आणि आपला पाय पुसला. बराच वेळ पुसत होत्या. तो दरवाजाही आम्ही गाडीत घातला. एका पैंजणाच्या पायाचा हत्ती आडवा पडून इंद्रायणी उतरला आणि निघोज्यात आल्यावर पहिल्याच हस्ताला गल्लीतल्या बायकांनी त्याला पाच पाय काढले. कुणाला माहेरचे बोलावत नव्हते, कुणाला सासरचे. आमच्या अंगणात चार वाजता बसायचं ठरलं ते तेव्हापासून. बाईंनी पुढची कितीतरी वर्षं आमच्या पडवीत काढली, आत्याबाईंशी रोज बडीशेपेवरून भांडत. आधी आत्याबाई गेल्या, मग वर्षाच्या आत बाई. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या उशाशी बसून एकदा अगदी हळू, कुणाला कळू नये असं विचारलं, "बाई, तुम्हाला खरंच ऐकू येत नव्हतं का हो?" त्या डोळे मिटून पडल्या होत्या. लगेच म्हणाल्या, "नाही."

दरवाजा अजून आमच्याकडं आहे. छबीच्या मुलीसुद्धा त्यावर पाय काढून गेल्या. हल्ली नव्या वसाहतींतल्या मुली येतात, कारखान्यांत कामाला जाणाऱ्या, कुठून कुठून आलेल्या. बसतात, काढतात, आणि जे सांगायचं असतं ते खाली बघून पुटपुटतात. मला वयामुळं उजव्या कानानं कमी ऐकू येतं. निदान मी त्यांना तसं सांगते.